वाळत घातलेलं जाकीट

तीस वर्षं माझ्या दारावर एक पाटी होती: मळके कपडे घालून कुणी डोंगरावर जायचं नाही. सॅकवाली पोरं ती वाचून हसायची. "मावशी, डोंगराला काय कळतंय?" डोंगराला कळत असो नसो, मला कळायचं. ही पोरं आठ-आठ दिवस तेच मोजे घालून जगभर हिंडतात आणि माझ्या पांढऱ्या चादरींवर येऊन लोळतात. म्हणून कुणी आलं, की आधी हातात कोकाच्या पानांचा चहा द्यायचा, धाप बसली की अंगावरचे कपडे मागून घ्यायचे आणि गच्चीवरच्या हौदाशी बसून बडवून काढायचे. अख्ख्या ला पाझमध्ये माझ्यासारखं धुणारी दुसरी बाई नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असे. ती पाटी आता मी काढून टाकली आहे. का काढली, ते सांगते.

मी बासिलिया कालिसाया. कबरस्तानाच्या वरच्या उतारावर, विटांच्या घरांच्या रांगेत शेवटून तिसरं घर माझं. खोल्या पाच, खाटा अकरा. स्वयंपाक मी करते, शिव्याही मीच देते, आणि सॅकवाल्यांना डोंगरात फिरवून आणायचं काम माझा धाकटा भाऊ फेर्मिन करतो. त्याचं लग्न झालं नाही आणि माझं टिकलं नाही, त्यामुळे भांडायला आम्ही एकमेकांना पुरतो.

रोमिना आली ऑक्टोबरच्या मध्यात. अर्जेंटिनाच्या सपाट मुलखातली, रोसारियोची. बावीस वर्षांची, बुटकी आणि अखंड बडबडी. डोक्यावर आजीनं विणलेली जांभळी कानटोपी, ती जेवतानासुद्धा निघायची नाही.

"मावशी, तुमच्या गावात हवा विकत मिळते का हो? माझी संपली."

"तोंड जरा कमी चालव, आहे ती पुरेल."

"मग जगायचं कशाला?"

मला ती आवडली, हे कबूल करते. सगळे कपडे तिनं मुकाट्यानं दिले, टोपी मात्र देईना. "हिला पाणी लावायचं नाही, मावशी. हिच्यात आजीच्या घराचा वास आहे." मी नाक मुरडलं आणि सोडून दिलं.

तिला काळ्या तळ्याकडे जायचं होतं, खिंडीच्या पलीकडे, फेर्मिनबरोबर, एक रात्र काठावर मुक्काम करून. अंगातला कोट अगदीच पातळ होता. माझ्या जिन्याखाली एक पेटी आहे. सॅकवाले जाताना जे टाकून जातात, ते तिच्यात पडतं. निघायच्या दिवशी सकाळी मी पाव आणायला खाली उतरले होते. परत आले तर ही दारात तयार उभी, पेटीतलं मोहरीच्या रंगाचं जाकीट घालून. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत लोंबत होत्या.

"कसं दिसतंय? बाह्या जरा ओलसर लागतात, पण अंगावर वाळतील."

ते वोयताचं जाकीट होतं.

वोयता झेक देशातला पोरगा. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे तीन आठवडे राहिला, चार नंबरच्या खाटेवर. ताडमाड उंच. स्वयंपाकघराच्या दारातून वाकून यायचा आणि तरी दिवसातून एकदा कपाळ आपटून घ्यायचाच. ऑक्टोबरातल्या एका सकाळी तो एकटाच काळ्या तळ्याकडे गेला, संध्याकाळी येतो म्हणून. दुपारी बर्फाचं वादळ आलं. फेर्मिननं त्याला नऊ दिवस शोधलं, एक बूटसुद्धा मिळाला नाही. मग त्याची आई आली, लुडमिला. मी तिला सांगितलं, आमच्यात गेलेल्या माणसासाठी तीन वर्षं जेवणाचं मेज मांडतात. एक नोव्हेंबरच्या भर दुपारी तो येतो, दोन तारखेच्या भर दुपारी जातो. तेव्हापासून ती दर वर्षी येते. जमेल तेवढी आमची भाषाही शिकली. हे तिसरं वर्ष होतं, म्हणजे शेवटचं.

त्याचं जाकीट माझ्या पेटीत कसं आलं, हे सांगायला अजून जीभ रेटत नाही. पुढे सांगते, टाळणार नाही. आत्ता एवढंच, की आमच्या कोरड्या हवेत दोन वर्षं पेटीत पडलेलं कापड ओलसर असू शकत नाही, हे मला कळत होतं. 'काढ ते' एवढं म्हणायचं होतं. पण फेर्मिन शेजारी उभा होता, आणि एक शब्द बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं. मी म्हटलं, "जा, उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी फेर्मिननं तिला हाताला धरून जिना चढवला. कुठं खरचटलेलंसुद्धा नव्हतं. पण चेहऱ्यावर कुणीच नव्हतं. मी हाक मारली तर तिनं माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहावं तसं.

"तळ्याच्या काठाशी धुकं आलं," फेर्मिन म्हणाला. "ही पन्नास पावलं पुढं होती. मी पोचलो तर दगडावर बसलेली. म्हणाली, कुणीतरी माझी बाही ओढली. मी म्हटलं, कुणी नाही गं इथं. ती म्हणाली, ओढतोय अजून. त्यानंतर एक शब्द बोललेली नाही."

दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं ऑक्सिजनची नळी लावली, छाती तपासली आणि सांगितलं, उंचीचा त्रास आहे, खाली न्या म्हणजे बरी होईल. तिच्या वडिलांचा रोज फोन यायचा. त्यांनी घाबरून तीन नोव्हेंबरचं विमान ठरवलं. पण मला दिसत होतं ते वेगळं होतं. माणूस जोरात दचकला, की त्याचा अहायु, म्हणजे आतला जीव, त्या जागीच राहून जातो आणि घरी येतं ते नुसतं अंग. तसं अंग सपाटीवर नेलं, की संपलंच. तो जीव एवढ्या लांब मागोमाग येऊ शकत नाही, आणि अंग दोन-तीन महिन्यांत झिजून जातं. माझी मावसबहीण अशीच गेली. म्हणजे पोरीला परत आणायला आमच्याकडे जेमतेम आठवडा होता.

परत आणायची रीत सोपी आहे. माणूस दचकला त्या जागी जायचं. दचकला तेव्हा अंगावर होतं ते कापड न्यायचं. नाव घेऊन हाका मारायच्या, आणि कापड छातीशी धरून घरी यायचं. येताना मागं वळून बघायचं नाही.

"ताई, तिची टोपी नेऊ या," फेर्मिन म्हणाला.

"टोपी डोक्यावर होती का तेव्हा?"

"नाही. वारा होता म्हणून सॅकमध्ये टाकली होती."

"मग? अंगावरचं कापड म्हणजे अंगावरचं कापड. आईनं शिकवलेलं तू मला शिकवू नकोस."

तो गप्प बसला. माझ्या आवाजापुढे तो नेहमीच गप्प बसतो, आणि मी ते माझं बरोबर असल्याचं लक्षण समजत आले.

खिंडीपर्यंत मिनीबस जाते, पुढे दोन तासांची चाल. तळं त्या दिवशी स्वच्छ होतं, पण काळंच. मी जमिनीवर थोडी दारू शिंपडली, साखर ठेवली, छोटी घंटा वाजवली आणि जाकीट दोन्ही हातांनी झटकत हाका मारायला लागले. "रोमिना, चल! रोमिना, घरी चल पोरी! सूप झालंय, खाट झाडून ठेवलीय!" काहीच होईना. वारासुद्धा पडला होता. आपल्याला कुणी ऐकतच नाही, असं वाटून मला रडू यायला लागलं, आणि रडता रडता जे तोंडाला आलं ते बोलले. "ये ना रे राजा, किती वेळ बसशील? गारठशील. हे बघ, तुझं जाकीट आणलंय. घाल आणि चल."

जाकीट एकदम जड झालं. पाण्यानं भरलेली बादली हातात यावी तेवढं जड. बाह्यांतून थेंब गळायला लागले.

"आली," मी म्हटलं. मला आनंद झाला होता. फेर्मिनच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही.

उतरताना आमच्या मागं दगड घसरल्याचा आवाज यायचा, लांब ढांगा टाकत कुणी चालावं तसा. फेर्मिनची मान वळायला लागली तशी मी त्याला कोपरानं ढोसलं. घरी येऊन ते ओलं जाकीट रोमिनाच्या अंगावर पांघरलं. पाच मिनिटांत तिला गाढ झोप लागली. घोरायलासुद्धा लागली, तसं मी जाकीट काढून गच्चीवरच्या दोरीवर टाकलं. मी गुडघ्यावर बसून देवाचे आभार मानले.

सकाळी मी तिच्या उशाशी चहा घेऊन गेले. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहून छान हसली आणि विचारलं, "मावशी, वाळलं का जाकीट?"

माझ्या हातून कप सुटला.

आता सांगते. त्या वर्षी वोयता निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याचं जाकीट त्याला न विचारता खुंटीवरून काढलं आणि धुतलं. कॉलरला काळा थर होता, मला बघवेना. सकाळी तो गच्चीवर आला. दोरीवरच्या जाकिटातून पाणी गळत होतं. त्यानं विचारलं, "मावशी, वाळलं का जाकीट?" मी म्हटलं, "दुपारपर्यंत वाळेल. ऊन बघ कसं पडलंय, स्वेटरवर जा. तरणाताठा आहेस, म्हातारीसारखं काय करतोस?" तो हसला आणि स्वेटरवर गेला. तिसऱ्या दिवशी मी ते दोरीवरून काढून पेटीच्या तळाशी कोंबलं. लुडमिलानं आल्या आल्या एकच गोष्ट विचारली होती: त्याच्या अंगात जाकीट होतं ना? मी म्हटलं, हो, होतं. मला तिची कीव आली म्हणून म्हटलं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. मला माझी लाज वाटली म्हणून म्हटलं.

कपाचे तुकडे गोळा करत मी म्हटलं, "वाळतंय, बाळा. आणते."

त्या दिवसापासून घरात सगळे खूश. रोमिना जेवायला लागली, तीन-तीन ताटं. एरवी मांसाला शिवत नसे, ती हाडं चोखू लागली. पायऱ्या दोन-दोन एकदम चढायची. आपली खाट सोडून चार नंबरवर झोपायची. आमच्या मेलेल्या कुत्र्याला नावानं हाका मारायची आणि येत नाही म्हणून चुकचुकायची. आणि स्वयंपाकघराच्या दारातून येताना, ही एवढीशी पोरगी, जिच्या डोक्यावर दोन वीत जागा उरायची, ती दर वेळी वाकून यायची.

फेर्मिन चुलीशी बसून ते बघत होता. ती बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, "ताई, हा तो झेक पोरगा आहे."

"माहितीये."

"तुला माहितीये आणि तू सूप वाढतेस?"

"मग काय करू? उपाशी ठेवू?"

"आणि ती पोरगी? ती वर बसलीय, उघड्यावर. एका घरात दोन बिऱ्हाडं चालतील, एका अंगात नाही चालत. हा हलला नाही तर ती येणार कुठं?"

मी त्याला जाकिटाबद्दल सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं खुंटीवरची जांभळी टोपी काढून माझ्या हातात ठेवली. ती खुंटी चुलीच्या अगदी वर आहे, तिथं टांगलेलं सगळं कढत होतं. टोपी बर्फासारखी गार होती.

त्याच संध्याकाळी मी हिय्या करून विषय काढला. ती चार नंबरच्या खाटेवर बसून बोटांनी गुडघ्यावर ताल धरत होती. मी म्हटलं, "बाळा, तुला परत जावं लागेल." बोटं थांबली. तिचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "तिथं नको, मावशी. तिथं फार थंडी आहे. मी काही त्रास देत नाही ना इथं?" आणि मग, अगदी साधेपणानं, "जाकीट वाळलं, की जाईन." त्यापुढं मी तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फोन आला की मी वडिलांना सांगायची, झोपलीय. एकदा तिनंच उचलला. वडील बोलत होते, ती ऐकत होती, मग सभ्यपणे म्हणाली, "माफ करा, आपण कोण?" मी फोन ओढून घेतला. पलीकडे तो माणूस नुसता श्वास घेत होता.

एक तारखेला सकाळी लुडमिला आली. नेहमीसारखा राखाडी कोट, हातात फुलं आणि वोयताचा चौकटीतला फोटो. आम्ही मेज मांडलं: पावाच्या बाहुल्या, उसाची कांडकी, कॉफी, तळलेला मासा, कारण मासा त्याला आवडायचा. मी रोमिनाला वरच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. निदान आईचा दिवस निघून जाऊ दे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कबरस्तानातल्या घंटेनं बाराचे ठोके द्यायला सुरुवात केली, आणि जिन्यावर पावलं वाजली, दोन-दोन पायऱ्या एकदम.

ती दारातून वाकून आत आली.

लुडमिलाची नजर त्या वाकलेल्या पाठीवर गेली. मग दाराच्या वरच्या रिकाम्या जागेवर. मग पुन्हा पाठीवर. रोमिना मेजाशी बसली, मासा पुढे ओढला, आणि वर बघून त्यांच्या भाषेत दोनच शब्द बोलली. रोसारियोच्या पोरीला त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. लुडमिलाच्या हातातली फुलं जमिनीवर पडली. तिला आम्हा दोघांपैकी कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. ती पुढं झाली आणि तिनं त्या परक्या पोरीचं डोकं पोटाशी धरलं.

तेवढ्यात आईच्या कोटातून तोंड काढून रोमिनानं मला विचारलं, "मावशी, वाळलं का जाकीट?"

"काय वाळलं?" लुडमिला म्हणाली. "कुठलं जाकीट?"

फेर्मिन माझ्याकडे बघत होता. मी शालीचं टोक पिळत उभी होते. "बाई, त्याच्या अंगात जाकीट नव्हतं," मी म्हटलं. "मी ते धुतलं होतं. न विचारता. ते ओलं होतं म्हणून तो स्वेटरवर गेला. मी तुमच्याशी खोटं बोलले."

 लुडमिला आमच्या भाषेत, एकेक शब्द शोधून ठेवत बोलली. "मी रोज झोपताना म्हणायची, त्याला थंडी वाजली नाही. तुम्ही सांगितलं होतं. दोन वर्षं मी त्याच एका वाक्यावर झोपले."

मला माफ करा, असं मी म्हटलं. तिनं ते ऐकलं नसावं.

मग फेर्मिननं तिला सांगितलं, की हे अंग एका पोरीचं आहे, ती पोरगी वर तळ्याशी आहे आणि उद्या दुपारी, सगळे जायच्या वेळी, तुमच्या मुलाला निघावं लागेल. लुडमिलानं रोमिनाचं मनगट घट्ट धरलं.

"नाही."

"बाई, परवा तिचं विमान आहे."

"नाही. तुम्ही एकदा नेलात माझा मुलगा. आता नाही."

  फोन वाजला. तो लुडमिलाच्या हाताशी होता, तिनं सवयीनं उचलून कानाला लावला. पलीकडचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू येत होता. "रोमिना? बाळा? मी आहे गं. तू काही बोलू नकोस हवं तर. नुसती तिथं आहेस ना, एवढं सांग." लुडमिला ऐकत राहिली. तो माणूस पुन्हा म्हणाला, "आहेस ना?"

तिनं डोळे मिटले. "उद्या," ती फोनमध्ये म्हणाली. "उद्या बोलेल. नक्की." आणि मनगट सोडलं.

दोन तारखेला आम्ही चौघं वर गेलो, रोमिनाच्या अंगात तेच ओलं जाकीट. मी निघण्यापूर्वी लुडमिलाला रीत सांगितली: जाकीट छातीशी धरायचं, त्याला नावानं बोलवायचं, मग चालायला लागायचं. विमानात बसेपर्यंत, अगदी स्वतःच्या घरात पाय ठेवेपर्यंत मागं बघायचं नाही. तळ्यावर त्याला सोडायचं नाही, आईनंच घरी न्यायचं, हे फेर्मिनचं डोकं. मला ते सुचायला हवं होतं, पण मी नियम पाळण्यात हुशार, विचार करण्यात नाही.

तळ्याशी धुकं होतं. दगडावर बसून रोमिनानं जाकीट अंगाभोवती आवळून धरलं. बाह्यांतून पाणी टपकत होतं. "काढू नका," ती म्हणाली. "थंडी वाजेल." मग माझ्याकडे पाहून, पुन्हा तेच, चिडून नाही, अगदी समजूतदारपणे, "वाळलं का, मावशी?"

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "वाळलं, बाळा," मी म्हटलं. "चूक माझी होती. तुला विचारायला हवं होतं. ओलं होतं तर तुला जाऊ द्यायचं नव्हतं. आता वाळलंय. आई आलीय न्यायला."

तिनं स्वतःच हात बाहेर काढले. मी जाकीट घेतलं तेव्हा बाह्या कोरड्या ठणठणीत होत्या, उन्हात वाळलेल्या कापडाचा येतो तसा वास येत होता. लुडमिलानं ते माझ्या हातून काढून घेतलं, आणि तिचे खांदे एकदम खाली आले. वीस-बावीस वर्षांच्या पोराला कडेवर घ्यायचं म्हणजे वजन असणारच. तिनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, त्याच्या कॉलरशी त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि चालायला लागली. धुक्यात तिच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला. एकटीच्याच बुटांचा.

दगडावरचं अंग पुन्हा रिकामं झालं होतं. मी पिशवीतून रोमिनाची टोपी काढली. हातमोज्यातूनही ती गार लागत होती. या वेळी मी घंटा वाजवली नाही, मोठ्यानं ओरडले नाही. टोपी नाकाशी धरली. चूल, लोकर, कुणा म्हातारीचा साबण, जुनं तेल. न धुतलेल्या घराचा वास. "रोमिना," मी म्हटलं, "आजीची टोपी आहे गं ही. मी हिला पाणी लावलेलं नाही."

टोपी हळूहळू ऊबदार झाली. मी ती तिच्या डोक्यावर कानांपर्यंत ओढली.

तिचे दात वाजायला लागले. मग ती भोकाड पसरून रडली, मग खोकली, आणि मग म्हणाली, "मावशी, तुमचे हात किती खरखरीत आहेत हो."

मी तिला एक धपाटा घातला आणि कवटाळलं.

उतरताना तिची बडबड चालू झाली होती, पण मध्येच ती थांबायची. "मी तिथं एकटी नव्हते," ती म्हणाली. "आधी एक उंच मुलगा होता, शेजारी बसलेला. स्वेटर घातलेला. तो मला म्हणायचा, माझं जाकीट तू घातलंयस, पण ठीक आहे, तुला थंडी वाजत असेल. मग तुम्ही हाक मारलीत. मी उठत होते, पण तो आधी उठला." ती थोडं चालली. "त्यानं मला वळून विचारलंसुद्धा, जाऊ का म्हणून. मी म्हटलं, जा."

खिंडीशी पोचलो तेव्हा रस्त्यावर मिनीबस उभी होती आणि लुडमिला तिच्या दाराशी. ड्रायव्हरनं तिला विचारलं, किती जण. तिनं दोन बोटं वर केली. ड्रायव्हरनं तिच्या मागं-पुढं पाहिलं आणि खांदे उडवले. तिनं जाकीट खिडकीजवळच्या जागेवर नीट बसवलं, बाही पोटावर आडवी ठेवली आणि स्वतः शेजारी बसली.

मी हाक मारणार होते. काय म्हणणार होते कुणास ठाऊक. बस सुरू झाली. ती सरळ पुढं बघत राहिली, वळणापर्यंत आणि वळणानंतरही. तिनं मला माफ केलं की नाही, ते मला कधीच कळणार नाही. मागं बघायचं नसतं, हे मीच तिला शिकवलं होतं.